‘द सिम्स’च्या पुढच्या भागाकडून नेमके काय मागावे?

धंतोलीकर (प्रश्न)

नमस्कार. माणसांचे रोजचे आयुष्य चालवण्याच्या ‘द सिम्स’ या संगणक खेळाचा पहिला भाग फेब्रुवारी 2000 मध्ये आला, दुसरा सप्टेंबर 2004 मध्ये, तिसरा जून 2009 मध्ये आणि चौथा सप्टेंबर 2014 मध्ये. साधारण पाच वर्षांनी नवा भाग येण्याचा हा रिवाज चौथ्या भागापाशी मोडला. ऑक्टोबर 2022 मध्ये ‘प्रोजेक्ट रेने’ची झलक दाखवली गेली, तेव्हा हाच पाचवा भाग असे बहुतेकांनी गृहीत धरले होते. पुढे सप्टेंबर 2024 मध्ये खेळाची प्रकाशक कंपनी ईएने सांगितले की चौथ्या भागाला हटवून त्याची जागा घेणारा पाचवा भाग काढायचा नाही. चौथा भाग चालू राहील आणि त्याच्या जोडीला निरनिराळे खेळ येतील. पुढच्याच महिन्यात रेनेच्या चाचणीतली दृश्ये बाहेर पडली आणि हा तर मोबाइलवरचा खेळ दिसतो, अशी ओरड झाली.

तरीही चाहत्यांच्या मागण्यांच्या याद्या थांबलेल्या नाहीत. खुले जग हवे, वस्तूंना हवा तो रंग देणारे तिसऱ्या भागातले रंगचक्र हवे, मोटारी हव्यात, शिवाय चौथ्या भागाच्या डझनावारी विस्तारांमधले (वेगळ्या विकत घ्यायच्या पॅकमधले) सारे काही पहिल्या दिवसापासून हवे. नागपुरातले आम्ही काही जण सुट्टीच्या दिवशी एकत्र जमून खेळतो, त्या बैठकीतही हीच यादी पुढे येते. एवढे सगळे एका किमतीत कोणताही स्टुडिओ देऊ शकणार नाही, हे उघड आहे. म्हणून प्रश्न मर्यादित करून विचारतो. कोणताही विस्तार न घेता, मूळ खेळात पहिल्या दिवशी असलीच पाहिजे अशी एक गोष्ट कोणती, आणि जी नसली तरी आपण चालवून घेऊ अशी कोणती? दुसरे असे की, तोपर्यंत चौथ्या भागाचे पॅक घेत राहणे शहाणपणाचे आहे का?

जुनी_खेळाडू

माझे उत्तर ‘स्मरण’ असे आहे. दुसऱ्या भागातल्या सिम्सना, म्हणजे खेळातल्या माणसांना, आयुष्यातल्या घटना आठवत असत. पहिले चुंबन, आईचा मृत्यू, जोडीदाराची प्रतारणा या साऱ्यांची नोंद त्या माणसाच्या नावावर राहत असे, आणि त्याच्या इच्छा व भीती यांच्यावर अशा घटनांचा परिणाम होई. बेला गॉथ हे खेळातले पात्र; ती गावातून नाहीशी झाली आहे, एवढ्या एका धाग्यावर जगभरातल्या खेळाडूंनी वर्षानुवर्षे तर्क लढवले, कारण मागे राहिलेल्या माणसांच्या नोंदींमध्ये त्या घटनेचे अवशेष सापडत असत.

चौथ्या भागात भावना आल्या, पण आरंभीच्या रूपात त्या फार उथळ होत्या. घरात कोणी वारले असले तरी सुरेख सजवलेल्या खोलीत शिरताच माणूस प्रसन्न होई, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल. माणसांमधल्या दीर्घकाळ टिकणाऱ्या भावना नोव्हेंबर 2020 मध्ये आल्या आणि इच्छा व भीती जुलै 2022 मध्ये परतल्या. दोन्ही गोष्टी मोफत मिळाल्या, हे मान्यच केले पाहिजे. परंतु आधी उभ्या राहिलेल्या इमारतीला मागाहून जोडलेल्या खोलीसारख्या त्या वाटतात. इतर यंत्रणांशी त्यांचा म्हणावा तसा संबंध जुळत नाही. स्मरण खेळाच्या पायाभरणीतच असावे लागते.

नसले तरी चालेल असे म्हणाल, तर खऱ्यासारखे चेहरे. मला त्यांची अजिबात ओढ नाही.

एका गोष्टीची भीती मात्र आहे. पाळीव प्राणी आपण 2002, 2006, 2011 आणि 2017 असे चार वेळा विकत घेतले. ऋतू 2007, 2012 आणि 2018 असे तीन वेळा. प्रत्येक नवा भाग मागच्या भागातल्या वस्तू काढून घेऊन सुरू होतो आणि त्याच वस्तू पुन्हा दुकानात मांडतो. चौथा भाग तर पोहण्याच्या तलावांशिवाय आला होता. तलाव त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मिळाले, दुडुदुडु चालणारी मुले जानेवारी 2017 मध्ये, आणि पाळण्याला खिळलेली तान्ही बाळे पाळण्याबाहेर यायला मार्च 2023 उजाडला. त्यामुळे माणसाच्या वयाचे सगळे टप्पे मूळ खेळात पूर्ण असावेत, ही किमान अट मी घालीन. कुत्री-मांजरी हवी तर पाचव्यांदा विका.

मिहानचा_कोडर

मी खेळ बनवत नाही, पण सॉफ्टवेअर लिहिण्यावर पोट आहे, म्हणून खुल्या जगाच्या मागणीबद्दल थोडे सविस्तर लिहितो. तिसऱ्या भागात संपूर्ण गाव एकाच वेळी जिवंत असे. तुम्ही स्वयंपाकघरात पोळ्या करवून घेत असताना गावाच्या दुसऱ्या टोकाला कोणाची नोकरी लागलेली असे, कोणाचे लग्न झालेले असे, एखादे कुटुंब गाव सोडून गेलेलेही असे. ही त्या भागाची थोरवी होती आणि तोच त्याचा आजारही. विंडोजवर तो 32 बिटचा प्रोग्रॅम असल्यामुळे यंत्रात कितीही रॅम बसवली तरी 4 जीबीपलीकडे त्याला वापरता येत नसे. गावातल्या प्रत्येक माणसाची वाट शोधण्याचे गणित सतत चालू असे, कोणी कोपऱ्यात अडकून पडे आणि सेव्ह फाइल फुगत जाई. चौथ्या भागात घराघरांमध्ये लोडिंग स्क्रीन आल्या, त्यांना या अनुभवाची पार्श्वभूमी आहे असे मला वाटते. त्या बदल्यात हा भाग 4 जीबी रॅमच्या साध्या लॅपटॉपवरही चालतो, आणि आपल्याकडे इतके लोक तो खेळतात त्याचे एक मोठे कारण हेच आहे. दुसरे कारण म्हणजे ऑक्टोबर 2022 पासून मूळ खेळ मोफत झाला.

आता दुसरे टोक पाहा. बीजीएमआयमुळे आपल्याला माहीत असलेल्या क्राफ्टनने ‘इनझोई’ हा खेळ 28 मार्च 2025 रोजी अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण होण्याआधीच विक्रीला, आणला. दिसायला तो देखणा आहे, शहर खुले आहे, पण किमान अपेक्षाच 12 जीबी रॅम आणि आरटीएक्स 2060 दर्जाच्या ग्राफिक्स कार्डाची होती. नवतपाच्या दिवसांत दुपारी कूलरसमोर बसूनसुद्धा ज्यांच्या लॅपटॉपचा पंखा विमानासारखा घोंघावतो, त्यांना वेगळे सांगायला नको. उष्णता वाढली की यंत्र स्वतःहून आपला वेग कमी करते आणि खेळ अडखळू लागतो.

म्हणून मला मधला मार्ग पुरेसा वाटतो: आपली गल्ली, म्हणजे आठ-दहा घरे व एखादे दुकान, पूर्णपणे खुली असावी, उरलेल्या गावात काय घडले याचा हिशेब मात्र तपशिलात न शिरता ठोकळमानाने मागे चालू राहावा. शेजारची मुलगी नोकरीला लागली, हे कळण्यासाठी तिची प्रत्येक पायरी मोजण्याची गरज नसते. चौथ्या भागात शेजाऱ्यांच्या आयुष्यात आपोआप बदल घडवणारी सोय उशिरा आली, आणि अनेक जण आजही त्यासाठी ‘एमसी कमांड सेंटर’ हा मॉड (खेळाडूंनी बनवलेली जोड) वापरतात, यावरून या गोष्टीची भूक किती आहे ते दिसते. माझी अट हीच. माझ्या माघारी गाव जगले पाहिजे. गाडी चालवता आली नाही तरी चालेल.

याद्यांबद्दल एक जाता जाता. पॅराडॉक्स कंपनीच्या ‘लाइफ बाय यू’ या अशाच खेळामध्ये खुले जग, मोकळे मॉडिंग, खरी भाषा बोलणारी माणसे असे जवळजवळ सगळेच कबूल केले होते, आणि त्याचे नेतृत्व ‘द सिम्स’च्याच एका माजी प्रमुखाकडे, रॉड हंबल यांच्याकडे होते. जून 2024 मध्ये तो खेळ प्रसिद्ध होण्याआधीच रद्द झाला.

संत्रावाली

वरच्या दोन्ही उत्तरांचा आदर राखून मी थोडा विरोध नोंदवते. दुसरा भाग जानेवारी 2025 मध्ये नव्याने विक्रीला आला, तेव्हाच मी तो प्रथम खेळले, त्यामुळे माझ्या डोळ्यांवर जुन्या आठवणींचा चष्मा नाही. स्मरणाची व्यवस्था खरोखर सुंदर आहे. पण त्याच खेळात प्रत्येक घराचा काळ वेगळा चालतो. माझी नायिका म्हातारी झाली तरी तिची शेजारची वर्गमैत्रीण शाळेतच राहिली, कारण त्या घरात मी खेळायला गेले नव्हते. हा दोष कोणी यादीत लिहीत नाही.

मला हवी आहे ती सोबत. माझी मावसबहीण पुण्यात असते. आम्ही दोघी एकच घर बांधतो ते असे: मी भिंती उभारून गॅलरीवर (खेळाडूंनी घरे वाटून घेण्याच्या ऑनलाइन जागी) चढवते, ती ते उतरवून घेते, आतली मांडणी करते आणि परत चढवते. 2022 च्या झलकेत दोघांनी मिळून एकच घर सजवण्याची कल्पना दाखवली होती, तेव्हा इथल्या अनेकांनी नाके मुरडली, आम्हाला मात्र ती आमच्यासाठीच केलेली वाटली. अनोळखी माणसांची गर्दी मलाही नको आहे. मी बोलावले तरच कोणी यावे आणि एकट्याने खेळताना इंटरनेट लागूच नये, इतके पाळले तर बिघडते कुठे?

मिहानचा_कोडर

संत्रावाली, ‘इंटरनेट लागूच नये’ ही तुमची अट मला पूर्ण मान्य आहे, पण विरोधाचे मूळ त्याच शंकेत आहे. ‘द सिम्स’ बनवणाऱ्या याच मॅक्सिसचा ‘सिमसिटी’ हा शहर वसवण्याचा खेळ मार्च 2013 मध्ये आला तेव्हा सतत ऑनलाइन राहण्याची सक्ती होती. पहिल्या दिवसांत सर्व्हर कोलमडले आणि पैसे मोजलेल्या लोकांना स्वतःचेच शहर उघडता येईना. ऑफलाइन खेळण्याची सोय मार्च 2014 मध्ये मिळाली. जुने लोक ‘सोबत’ हा शब्द ऐकताच दचकतात ते यामुळे.

महालवाडा

आमच्याकडून एक मागणी कोणीच मांडलेली नाही. चौथ्या भागात एका कुटुंबात आठांहून अधिक माणसे राहू शकत नाहीत, आणि त्या आठांत कुत्रे-मांजरही मोजले जाते. आजी-आजोबा, दोन भाऊ, दोन जावा आणि प्रत्येकी एक मूल एवढ्यातच मर्यादा संपते. लग्न न झालेल्या आत्याला घराबाहेर काढावे लागते. मी नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यासारखी वास्तू बांधून पाहिली. डिसेंबर 2023 च्या ‘फॉर रेंट’ विस्तारामुळे एका जागेवर सहापर्यंत स्वतंत्र बिऱ्हाडे करता येतात, त्यामुळे चौकाभोवती चार बिऱ्हाडे मांडली. दिसायला वाडा झाला, पण नियमाने ती माणसे एकमेकांची शेजारी ठरतात. काकूच्या स्वयंपाकघरात पुतण्याने सहज शिरावे, डबा उघडून लाडू घ्यावा, हे होत नाही. तिथे तो पाहुणा असतो.

सणांचेही तसेच. ऋतूंच्या ‘सीझन्स’ विस्तारामध्ये आपला सण स्वतः रचता येतो, म्हणून मी पोळा आणि दुसऱ्या दिवशीची मारबत (नागपुरातली पुतळ्यांची मिरवणूक) कॅलेंडरमध्ये घातली. गोडाधोडाचे जेवण, पाहुणे, भेटवस्तू अशा परंपरा निवडता येतात आणि कोणी किती पाळल्या यावर ज्याचा त्याचा आनंद ठरतो. म्हणजे सण प्रत्येक माणसाने वेगवेगळा साजरा करायचा. काळी आणि पिवळी मारबत पाहायला रस्त्यावर लोटणारे शहर त्या चौकटीत बसत नाही. चौकात जमणारी गर्दी आहे, पण ती 2016 च्या ‘सिटी लिव्हिंग’मधल्या उत्सवांत, आणि या दोन पॅकची सांगड मला घालता आलेली नाही. मुंबईच्या बाजारावर बेतलेले ‘फॅशन स्ट्रीट’चे कपडे 2021 मध्ये आले तेव्हा आनंद झाला, तरी कपडे बदलून राहणी बदलत नाही. नव्या भागात नऊवारी नसली तरी चालेल, ती मॉड करणारे लोक देतील. कुटुंबाची मर्यादा आणि नात्यांचे नियम मॉडवर सोडून देता येत नाहीत, कारण प्रत्येक अपडेटनंतर असे खोलवरचे मॉड दुरुस्त होईपर्यंत वाट पाहावी लागते.

जुनी_खेळाडू

महालवाडा यांचा मुद्दा माझ्या मुद्द्यापेक्षा मोलाचा आहे, आणि दोन्ही एकमेकांत गुंतलेलेही आहेत. भाऊबंदकी काय किंवा जावाजावांमधला अबोला काय, कोणाला काय आठवते यावरच टिकून असतो. चौथ्या भागाच्या ‘ग्रोइंग टुगेदर’ विस्तारामध्ये कुटुंबातल्या नात्यांचे स्वरूप ठरवण्याची सोय आली, पण ती पैसे देऊन. नव्या भागात ती मूळ खेळात असावी, हे मी माझ्या अटीला जोडते.

धंतोलीकर, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. अमेरिकेत मोठ्या विस्ताराची छापील किंमत 40 डॉलर आहे, आणि त्या किमतीला घ्यावा असा एकही विस्तार मला ठाऊक नाही. स्टीम या ऑनलाइन दुकानात सवलत वारंवार लागते, तेव्हा ‘सीझन्स’ आधी घ्या आणि ‘ग्रोइंग टुगेदर’ नंतर, कारण हे दोन रोजच्या खेळात प्रत्यक्ष उपयोगी पडतात. विशिष्ट प्रदेशाचे पॅक एकदा फिरून झाले की तसेच पडून राहतात. ज्यांना विस्तारांच्या रांगेचाच कंटाळा आला आहे त्यांनी ‘पॅरालाइव्ह्ज’ या अशाच खेळाकडे लक्ष ठेवावे, तो लहान स्वतंत्र चमूचा खेळ आहे आणि विस्तारांसाठी वेगळे पैसे घेणार नाही असे त्याच्या निर्मात्यांनी सांगितलेले आहे.

धंतोलीकर

सर्वांचे आभार. पुढच्या बैठकीत यादीऐवजी कुटुंबाची मर्यादा आणि स्मरण हे दोनच विषय ठेवतो. सोबतीचा मुद्दा संत्रावाली यांनी स्वतः येऊन मांडला तर अधिक बरे. महालवाडा, तुमचा वाडा गॅलरीवर असेल तर कोणकोणते पॅक लागतील तेही लिहावे, कारण नसलेल्या पॅकमधल्या वस्तू उतरवताना गळून जातात.

महालवाडा

‘फॉर रेंट’ लागेलच. बाकी सगळे मूळ खेळातले आहे, फक्त चौकातली तुळस ‘सीझन्स’मधल्या कुंडीवर उभी आहे, ती गळाली तर दुसरे कुठलेही झुडूप ठेवा. आज रात्री चढवतो.