लेकीकडे अमेरिकेला निघालोय, नऊ दिवस उरलेत, काय राहतंय ते सांगा

वाईची_काकू
नमस्कार मंडळी. लेक न्यू जर्सीत एडिसनला असते, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख दिलीय तिला, पहिलटकरीण आहे. तर मी आणि आमचे हे, दोघं आयुष्यात पहिल्यांदा परदेशात निघालोय. १९ ऑक्टोबरला रात्री दीडचं विमान आहे, मुंबई ते नेवार्क थेट, सोळा तास बसायचं म्हणे. व्हिसा झाला, इन्शुरन्स जावयांनी तिकडूनच काढला, दिवाळी यंदा तिकडेच. पण घरात सध्या असं झालंय की हॉलमध्ये चार बॅगा आ वासून पडल्यात आणि आम्ही त्यांच्यातून उड्या मारत फिरतोय.

प्रत्येकी दोन बॅगा २३ किलोच्या आणि हातातली ७ किलोची. काल ह्यांनी एक बॅग स्कूटरवर पुढ्यात घेऊन वाण्याकडे नेली, पोती तोलायच्या काट्यावर ठेवली तर २९ भरली. वाणी विचारतो, सर, गहू नेताय काय अमेरिकेला. त्यात भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, डिंकाचे लाडू (खारीक खोबरं खसखस सगळं घालून), वेगळं अळीव अर्धा किलो, सुक्या खोबऱ्याच्या वाट्या दोन किलो, घरच्या तुपाची बरणी. आणि आमच्या परसातला कढीपत्ता, तो तिला फार आवडतो म्हणून निघायच्या दिवशी तोडून ओल्या फडक्यात गुंडाळून न्यायचा विचार आहे. शिवाय जुन्या सुती साड्यांची बारा दुपटी, टोपडी, कुंची.

यातलं काय काढू? ह्यांना बीपी आणि शुगर आहे, पाच महिन्यांच्या गोळ्या न्यायच्यात त्याचं कसं करतात? घर पाच महिने बंद राहणार. गाडी १९ ला संध्याकाळी चारची सांगितलीय, वेळेत पोचू ना, घाटात अडकलो तर काय अशी धास्ती वाटते.

जर्सीची_मावशी
काकू आधी अभिनंदन. मी एडिसनमध्येच वीस वर्षं राहतेय त्यामुळे स्पष्टच सांगते, राग मानू नका. ओक ट्री रोडवर तूप, खोबरं, खारीक, अळीव, डिंक सगळं मिळतं, पटेल ब्रदर्समध्ये तर चितळ्यांची बाकरवडी पण असते. तेव्हा तूप राहू दे. दुधातुपाच्या वस्तूंवरून इथे प्रश्न विचारत बसतात, आणि तुमची बरणी फुटली तर बारा दुपट्यांची वाट लागेल. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर मुंबईलाच काढून घेतील, खोबऱ्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं म्हणून चेक-इनच्या बॅगेत चालत नाही. कापूर काडेपेटी पण नाही, देवाच्या डब्यात चुकून राहते ती, एकदा बघा.

कढीपत्ता बिलकुल आणू नका. मी पहिल्या वेळी आणला होता, साहेबाने माझ्या डोळ्यांदेखत पिंपात टाकला. तेव्हा वाटलं काय हा दुष्टपणा, नंतर कळलं की कढीपत्ता आणि संत्रं एकाच कुळातलं, कढीपत्त्यावर एक बारीक तुडतुडा असतो तो संत्र्यांचा रोग पसरवतो. २००५ मध्ये तो रोग फ्लोरिडात सापडला आणि तिथल्या बागांची पार वाताहत झाली. त्यामुळे ताजी पानं, फळं, भाज्या, बी-बियाणं काही नको.

लाडू, भाजणी, मेतकूट, मसाला खुशाल आणा, डब्यावर मराठीत नको, इंग्लिशमध्ये नाव लिहून चिकटवा. उतरल्यावर खायचं काही आहे का विचारतात, तर सरळ हो म्हणायचं, स्वीट्स, स्पायसेस. हो म्हटलं तर फार तर काढून घेतात, नाही म्हटलं आणि सापडलं तर दंड. तुम्ही थेट येताय म्हणून खसखशीचं ठीक आहे, दुबईवरून येणाऱ्यांनी मात्र खसखस घरीच ठेवावी, अमिरातीत ती बेकायदा आहे.

आणि पिठं मसाले हातातल्या बॅगेत ठेवू नका. अमेरिकेच्या विमानात साडेतीनशे मिलीपेक्षा जास्त पावडर हातात असली की वेगळी तपासणी लागते. मेतकूट म्हणजे काय ते त्यांना समजावताना नाकी नऊ येतात.

दुपटी सगळी आणा. तेवढीच एक गोष्ट इथे कुठल्या दुकानात मिळत नाही.

सांगलीचा_केमिस्ट
गोळ्यांचं मी सांगतो, दुकानात महिन्याला दोनतीन जण हेच विचारत येतात. स्ट्रिपा कापून डबीत भरू नका, जशा आहेत तशा, बिलासकट. डॉक्टरांकडून लेटरहेडवर इंग्लिशमध्ये लिहून घ्या, आणि ब्रँडचं नाव नको औषधाचं नाव हवं, म्हणजे टेलमिसार्टन, मेटफॉर्मिन असं, कारण आपले ब्रँड तिकडे कुणाला कळत नाहीत. आपलं पॅरासिटामॉलसुद्धा तिकडे ॲसिटामिनोफेन होतं, दुकानात टायलेनॉल मागायचं. नियमाने बघाल तर ९० दिवसांपुरतीच न्यावीत असं तिथल्या एफडीएचं म्हणणं आहे. बरेच लोक चिठ्ठीच्या जोरावर जास्त नेतात पण मी तरी तीन महिन्यांची न्या म्हणेन, पुढची तिकडच्या डॉक्टरकडून लिहून घ्या, ही दोन्ही जुनी औषधं आहेत, जेनेरिक तिकडेही फार महाग पडत नाहीत. सगळी औषधं हातातल्या बॅगेत. मोठी बॅग एखादवेळी दोन दिवस उशिरा येते, शुगर थांबत नाही.

न विचारलेली गोष्ट सांगू का? टीडॅपचं इंजेक्शन घेतलंय का दोघांनी? धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकला. तिकडचे बाळांचे डॉक्टर आजीआजोबांना हे घेऊन यायला सांगतात, कारण बाळाला पहिला डोस दोन महिन्यांचं झाल्यावर मिळतो, तोवर डांग्या खोकला त्याच्या जिवावर बेतू शकतो. बाळाजवळ जायच्या किमान दोन आठवडे आधी घ्यायचं असतं, तर उद्याच घ्या. फ्लूचं पण त्याच खेपेत विचारा.

पुणेकर_बाळ्या
बॅगेचं वजन घरच्या माणसं मोजायच्या काट्यावर पण होतं की. आधी आपण एकटं उभं राहायचं मग बॅग घेऊन, वजाबाकी करायची. वाण्याकडे कशाला जायचं आणि गावभर जाहिरात करायची 😄 आणि बॅगेला जुन्या साडीचा काठ बांधा, तिकडे पट्ट्यावर सगळ्या काळ्या बॅगा सारख्याच दिसतात.

एक_मुलगा
सगळे खाण्यावर बोलतायत पण माझ्या मते बॅगेचं काहीतरी होतंच, खरा घोळ मोबाईल नंबरचा होतो. आमची आई बहिणीकडे सहा महिने गेली तेव्हा सिम काढून पाकिटात ठेवलं आणि तिकडचं घातलं, आम्ही पण म्हटलं चला काम झालं. प्रीपेड नंबर, रिचार्ज संपलेला, तीन महिने काही वापरच नाही तर कंपनीने बंद केला. मध्येच एक एफडी मॅच्युअर झाली, ती बघायला बँकेचं ॲप उघडायचं तर ओटीपी त्याच नंबरवर. बँक म्हणते नंबर बदलायचा तर खातेदाराने स्वतः शाखेत यावं, आणि खातेदार बसलीय टेक्सासात. परत आल्यावर सिम घ्यायला गेलो तर तो नंबर दुसऱ्यालाच देऊन टाकलेला. सोळा वर्षांचा नंबर हो, दूधवाल्यापासून आधारपर्यंत सगळीकडे तोच.

त्यामुळे इथून निघायच्या आधी लांब मुदतीचा रिचार्ज मारा, इंटरनॅशनल रोमिंग इथे असतानाच चालू करून घ्या, आणि ते सिम फोनमध्येच राहू दे, तिकडे फोन वायफायवर चालवा आणि मोबाईल डेटा बंद ठेवा नाहीतर बिल बघून चक्कर येईल. तिकडचं सिम दुसऱ्या खाचेत.

काका पेन्शनर आहेत का? वाणी सर म्हणाला म्हणून विचारतो. नोव्हेंबरात हयातीचा दाखला असतो, तुम्ही तेव्हा तिकडे. आत्ताच बँकेत जाऊन विचारा त्यांना कसा चालेल. तिकडून न्यूयॉर्कच्या भारतीय वकिलातीतून पण दाखला मिळतो, तुमच्या बँकेला तो कोणत्या नमुन्यात हवा ते लेखी घेऊन जा. आमच्याकडे वडिलांचं तीन महिने पेन्शन थांबलं होतं, नंतर एकदम मिळालं ते सोडा, पण त्या तीन महिन्यांत ते रोज फोनवर, मी जिवंत आहे असं त्यांना सांग रे.

वाईची_काकू
बाप रे, किती ते कळलं. हे निवृत्त शिक्षकच आहेत, दाखल्याचं आमच्या डोक्यात पण नव्हतं, आजच बँकेत जाऊन आले, साहेबांनी नमुना दिलाय आणि तिकडून सही करून पाठवा म्हणाले. इंजेक्शनं सकाळी घेतली, दंड दुखतोय दोघांचा. तूप आणि खोबरं जाऊबाईंना दिलं, अळीव पण. कढीपत्त्याचं फार वाईट वाटलं पण संत्र्यांचं ऐकल्यावर गप्प बसले. बॅग आता साडेबावीस.

अजून दोन विचारते. दागिने काय करायचे? आणि बाळगुटी, सहाण आणि वेखंड, हळकुंड, जायफळ, मुरुडशेंग असं सगळं काढून ठेवलंय, लेक म्हणते नको आणू आई, आता ती नको म्हणते म्हणून नाही न्यायची का?

जर्सीची_मावशी
हो, नाही आणायची 🙏 इथले डॉक्टर सहा महिने दुधाशिवाय पाणीसुद्धा देऊ नका सांगतात, आणि बाळ तिचं आहे. माझ्या सासूबाईंनी सहाण आणली होती, ती आता माझ्याकडे पेपरवेट आहे.

दागिने लॉकरमध्ये. मंगळसूत्र आणि कानातलं घाला, पुरे. जास्त न्यायचेच असतील तर जाताना मुंबईला कस्टम्सकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घ्यावं लागतं, नाहीतर येताना हे तिकडून आणलं का म्हणून विचारतात. कशाला ती झंझट.

सातारी_मिसळ
घराचं कुणीच बोललं नाही. सिलिंडरचा रेग्युलेटर काढून ठेवा नुसता बंद नको. फ्रिज रिकामा करून, पुसून, दाराला फडकं अडकवून उघडा ठेवा. स्कूटरच्या बॅटरीची वायर काढा. टाकीखालचा मेन कॉक बंद करा, आमच्याकडे एक नळ ठिबकत राहिला आणि दोन महिन्यांनी खालच्यांच्या भिंतीवर नकाशा उमटला. महावितरणचं बिल भावाला ऑनलाइन भरायला सांगा. एक चावी शेजारी एक नातेवाइकांकडे, दोन्ही शेजारी नको, शेजारी पण गावाला जातात.

रात्रपाळी
काकू मी मुंबईला विमानतळावर नोकरी करतो, एक शंका आली म्हणून विचारतो. १९ ऑक्टोबर, रात्री दीड. तिकिटावर ०१:३० लिहिलंय का १३:३०? ०१:३० असेल तर ती १८ तारखेची रात्र हो. बारा वाजले की तारीख बदलते. म्हणजे तुम्ही १८ ला रात्री साडेनऊपर्यंत टर्मिनल २ ला हवं. १९ ला चार वाजता तुमची गाडी वाईतून हलेल तेव्हा विमान अमेरिकेच्या जवळ पोचलेलं असेल. कृपया आत्ता तिकीट काढून बघा, दर आठवड्याला एखादं कुटुंब असं बॅगा घेऊन दुसऱ्या दिवशी येतं, बघवत नाही.

वाईची_काकू
०१:३०.

हात थरथरतायत लिहिताना. लेक परवा फोनवर म्हणत होती, आई १९ ला सकाळी आठला आम्ही घ्यायला येतोय. मी म्हटलं वेडी आहेस का, आम्ही १९ ला रात्री निघणार तर १९ ला सकाळी कशा पोचू, तारीख नीट बघत जा, पोटात बाळ असलं की असं विसरायला होतं. बोलले बघा मी तिला असं. आणि ती पण बिचारी म्हणाली बरं मी बघते.

हे गाडीवाल्याला फोन लावतायत.

पुणेकर_बाळ्या
😳 रात्रपाळी, तुम्हाला डिंकाचा एक लाडू लागू झाला.

रात्रपाळी
दुपारी एकला निघा काकू. खंबाटकी, मग खेड शिवापूरचा टोल, मग पुणं, मग एक्स्प्रेसवेवर बोरघाटात काय असेल सांगता येत नाही. लवकर पोचलात तर आत बसायला जागा आहे. गेटवर पासपोर्ट आणि तिकिटाची प्रिंट दोन्ही हातात ठेवा, फोनची बॅटरी ऐन वेळी संपते. पॉवर बँक असेल तर हातातल्या बॅगेत, मोठ्या बॅगेत नाही.

वाईची_काकू
गाडी मिळाली, १८ ला दुपारी एक. गाडीवाला म्हणाला १९ चं बुकिंग बघून मला वाटलंच होतं पण म्हटलं तुम्ही मास्तर माणसं, तुम्हाला काय सांगायचं.

एक दिवस कमी झाला म्हणजे आता कपडे आजच धुवायला हवेत. तुळशीचं नानींना सांगितलंय, त्या रोज गच्चीवर येतातच, कढीपत्त्याला पण तांब्याभर घालतील. लेकीला फोन केला, सॉरी म्हटलं. ती हसत होती, म्हणे आई, मी जावयांना पण तुझं बोलणं सांगितलंय, ते आता १९ आणि २० दोन्ही दिवस सुट्टी टाकून बसलेत.