युरोपात जेवणाच्या वेळा, पाणी, टिप... आईबाबांना घेऊन जातेय, सांगा जरा

कॉलेजरोडवाली
नमस्कार मंडळी, नाशिकहून आईबाबांना घेऊन मे महिन्यात पॅरिस, रोम, बार्सिलोना आणि शेवटी म्युनिकला भावाकडे, असं चाललंय. टूर कंपनी नाही, आपलं आपणच. दोघंही शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, त्यात बाबांना शुगर म्हणजे रात्री साडेसातला ताट समोर पाहिजे. ठेपले, मेतकूट नेणारच आहे पण एवढं लांब जाऊन रूमवर बसून तेच खायचं हे मला पटत नाही. तिकडे प्रत्येक देशात रीत वेगळी म्हणतात, कोणी नीट सांगेल का?

पंचवटीकर
इंडियन रेस्टॉरंट शोधा, सगळीकडे आहेत, टेन्शन नको.

द्राक्षबाग
दादा, ताईंना तेच तर नकोय. ताई, आधी वेळेचं बघा. बार्सिलोनात साडेसातला बऱ्याच हॉटेलांचं किचनच उघडलेलं नसतं, लोक नऊ-दहाला जेवतात, तेव्हा तिथे दुपारी दोनला पोटभर जेवा, 'मेनू देल दिया' म्हणून ठरलेल्या पैशात दोन पदार्थ, गोड, ब्रेड असं मिळतं. संध्याकाळी बाबांसाठी तापासच्या (छोट्या-छोट्या डिश देणाऱ्या) बारमध्ये 'पा आंब तोमाकेत' मागवा, भाजलेल्या ब्रेडवर अर्धा कापलेला पिकलेला टोमॅटो घासतात, नुसती सालं हातात उरेपर्यंत, वर ऑलिव्ह तेल आणि मीठ, बस. आणि मीठ भुरभुरलेल्या तळलेल्या हिरव्या मिरच्या, 'पाद्रोन'. आपल्या माणसाला आवडणारच!
पॅरिसला दुपारचं जेवण बारा ते दोन, त्यानंतर बऱ्याच ठिकाणी किचन बंद, पण रात्री सात-साडेसातला सुरू होतं म्हणजे बाबांचं जमेल. 'काराफ दो' म्हणा, नळाचं पाणी फुकट देतात. ब्रेड ताटात नाही, टेबलावरच ठेवायची रीत आहे. सर्व्हिस बिलातच धरलेली असते, टिपचं ओझं घेऊ नका.

म्युनिकमधला_नाशिककर
रोमबद्दल एक महत्त्वाचं, पार्मेज्यानो आणि पेकोरिनो ही दोन्ही चीज वासरा-कोकराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करणारा पदार्थ) घालून करतात, त्यामुळे 'काचो ए पेपे' हा पेकोरिनो-मिरीचा पास्ता दिसायला शाकाहारी असला तरी आईंना चालणार नाही. पिझ्झा मारिनारा घ्या, त्यात चीज नसतंच, टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल. इटलीत बऱ्याच ठिकाणी बिलात माणशी 'कोपेर्तो' म्हणजे बसण्याचा आकार लागतो, पण रोमच्या भागात तो लावायला मनाई आहे; तिथे ब्रेडचे पैसे लागलेले दिसले तर भांडू नका.
म्युनिकला पाणी विकतच घ्यावं लागतं आणि नुसतं पाणी म्हटलं की बुडबुडेवालं येतं, 'श्टिलेस वासर' सांगा. बिल 46 युरो झालं तर पैसे देतानाच 50 म्हणायचं, टिप टेबलावर ठेवून निघायचं नाही. घरोघरी रात्री ब्रेड-चीज-काकडी असं थंडच जेवण, गरम दुपारी. रविवारी दुकानं बंद, भाऊ सांगेलच.
आणि ठेपले बिनधास्त काढा! बव्हेरियाच्या जुन्या बिअर गार्डनमध्ये घरचं खाणं नेता येतं, 1812 मध्ये राजानं बिअरवाल्यांना तळघराजवळ बिअर विकू दिली पण ब्रेडशिवाय खायचं विकायला मनाई केली, तेव्हापासूनची चाल. फक्त पेय तिथलंच घ्यायचं आणि टेबलक्लॉथ नसलेल्या बाकावर बसायचं. लोक घरून टेबलक्लॉथ, मुळे, चीज घेऊन येतात, चेस्टनटच्या सावलीत तासन्‌तास बसतात, मला तर जर्मनीतली ही सगळ्यात प्रेमळ रीत वाटते.

कॉलेजरोडवाली
रेनेटचं बरं झालं कळलं, आईनं नंतर ऐकलं असतं तर फार वाईट वाटून घेतलं असतं. दादा, त्या बागेत लिंबू सरबतासारखं बिनसाखरेचं काही मिळतं का बाबांसाठी?

म्युनिकमधला_नाशिककर
सोड्याचं पाणी मागा आणि लिंबाची फोड टाकून द्या म्हणा, देतात.