मदत हवी आहे: रोझमेरीची मुळं सडली आहेत, झाड वाचेल का?

गेल्या आठवड्यापासून रोझमेरीची पानं झडताहेत. फांदीवरून नुसता हात फिरवला तरी मूठभर पानं हातात येतात. शेंडे तपकिरी झालेत. पाणी कमी पडत असेल असं वाटून मी उलट जास्तच घातलं. काल राहवेना म्हणून एका बाजूने माती उकरली, तर मुळाला हात लावताच वरचं साल मोज्यासारखं निसटून आलं आणि आत दोऱ्याएवढा गाभा उरला. मातीला कुबट वास येत होता. हे झाड बहिणीने दोन वर्षांपूर्वी दिलेल्या वीतभर काडीपासून वाढवलंय, त्यामुळे जीव फार तुटतोय.

चार महिन्यांपूर्वी मी एका लांबट प्लास्टिकच्या कुंडीत बेसिल, पार्सली, ओरेगानो, थाइम लावलं आणि ही रोझमेरीही तिच्या मातीच्या कुंडीतून काढून त्यांच्या शेजारी आणली. पास्ता, सॉस करताना सगळं एका जागी खुडता यावं एवढाच विचार होता. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत निम्मं-निम्मं, निचऱ्यासाठी तळाशी खडीचा थर, ऊन पाचेक तास. पाणी रोज सकाळी, कारण एक दिवस चुकला की बेसिल मान टाकतं.

बेसिल मात्र फार सुंदर झालंय. शेंडा पानांच्या जोडीच्या जरा वर खुडला की त्या बेचक्यातून दोन फुटवे येतात, त्यामुळे रोप झुडपासारखं भरलंय. तुरे दिसले की लगेच काढते. पार्सलीचं बी रुजायला 24 दिवस लागले, पण आता तीही छान आहे. थाइम मधून काळं पडतंय. ओरेगानोची पानं मोठी, लुसलुशीत, पण चुरडली तरी वास फिका.

खत कमी पडतंय का? आणि रोझमेरीसाठी आता नक्की काय करू? कृपया लवकर सांगा.

प्रतिसाद

खत अजिबात घालू नका. तुमच्या कुंडीत दोन वेगळ्या स्वभावांची झाडं एकत्र आलीत. बेसिल-पार्सलीला ओलसर, कसदार माती आवडते. रोझमेरी, थाइम, ओरेगानो ही भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या, खडकाळ उतारांवरची. त्यांच्या मुळांना दोन पाण्यांच्या मध्ये हवा लागते. कोकोपीट पाणी धरून ठेवतं, त्यात रोजचं पाणी, म्हणजे मुळं गुदमरणारच. ओरेगानोचा वासही त्यामुळेच फिका. जास्त खतपाण्यावर पानं फोफावतात, तेल कमी धरतात.

खडीच्या थराने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही, थराच्या वरच साचून राहतं. म्हणजे ओल मुळांच्या आणखी जवळ येते. हा समज इतका पक्का बसलाय की मीही अनेक वर्षं खडी घालत होतो.

आज आधी कलमं करा, झाडाचं नंतर बघू. नखाने साल जरा खरवडा. आत हिरवं दिसलं तर ती फांदी जिवंत. तिचे 10 सेंमीचे शेंडे पेराच्या खाली कापा, खालच्या अर्ध्या भागाची पानं काढा आणि परलाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे दाणे) आणि कोकोपीटच्या ओलसर मिश्रणात खोचा. जागा उजेडाची हवी, थेट उन्हाची नको. मुळं धरायला 4 ते 8 आठवडे लागतात, तोवर उपटून बघू नका.

मूळ झाडाची सडलेली मुळं कापून ते उरलेल्या मुळांना जेमतेम पुरेल अशा मातीच्या कुंडीत लावा. मिश्रणात निम्मी जाडसर वाळू किंवा परलाइट. बोट दोन पेरं खुपसून कोरडं लागलं तरच पाणी. थाइम, ओरेगानोही तसंच वेगळं काढा. मुळं निम्म्याहून जास्त गेली असतील तर झाड वाचणं अवघड आहे, म्हणून कलमांवर भर द्या.

धागाकर्ती

मनापासून आभार. तीन फांद्या आतून हिरव्या निघाल्या! नऊ कलमं लावली. मूळ झाडाला मोजून चार पांढरी मुळं उरली होती, तरी कुंडीत लावलंय. थाइम-ओरेगानो उद्या हलवते. कलमांवर प्लास्टिकची पिशवी घातली आहे आणि तिला आतून पाण्याचे थेंब धरलेत. हे ठीक आहे, की रोज थोडा वेळ उघडी ठेवू?