आर्टेरायटिसची लस: आधी रक्त, मग सुई
"लस टोचली की तपासणीची कटकट संपली" असं काही जण म्हणतात. इक्वाइन व्हायरल आर्टेरायटिस या घोड्यांच्या विषाणूजन्य आजारात नेमकं उलटं आहे. लशीमुळे येणारी प्रतिपिंडं संसर्गातल्यासारखीच दिसतात, त्यामुळे नंतर नुसत्या रक्तावरून लस की संसर्ग, हे सांगता येत नाही. म्हणून टोचण्याआधीचा निगेटिव्ह अहवाल तारखेसह जपायचा. घोडा परदेशी पाठवताना तोच कामी येतो.

नराचं रक्त पॉझिटिव्ह आणि लशीची नोंद नाही, तर वीर्य तपासा. नमुन्यात शुक्राणूंचा दाट भाग हवाच. आधी येणाऱ्या पाणचट द्रवात विषाणू सापडत नाही आणि वाहक घोडा, म्हणजे वीर्यातून विषाणू पसरवणारा नर, उगाच निर्दोष सुटतो. वाहकाला लस देऊन विषाणू जात नाही. खच्चीकरणाने जातो, कारण त्याला टिकायला टेस्टोस्टेरॉन लागतं. पण मग घोडा पैदाशीचा राहत नाही!

लस जिवंत विषाणूची, क्षीण केलेली. नराला टोचल्यावर 28 दिवस वेगळं ठेवायचं, घोडीवर सोडायचं नाही; पुढे दरवर्षी हंगामाआधी बूस्टर. शिंगरू नर असेल तर 6 ते 12 महिन्यांत, वयात येण्याआधी टोचणं सगळ्यांत शहाणपणाचं. गाभण घोडीला, विशेषतः शेवटच्या दोन महिन्यांत, नको.

घोडी वाहकाकडे न्यायची असेल तर किमान 3 आठवडे आधी लस. फळवल्यावर पुन्हा 3 आठवडे वेगळी, कारण लस घेतलेली घोडीही थोडे दिवस विषाणू सोडू शकते. गोठवलेलं वीर्य वापरलं तरी हेच. गोठवल्याने विषाणू मरत नाही.