न्योर्डलिंगेनला एक दिवस पुरेल का?

म्युनिकहून बव्हेरियातल्या न्योर्डलिंगेनला जायचं म्हणतेय. हाताशी एकच दिवस आहे. पुरेल?

↳ पुरेल, पण लवकर निघा. आधी सेंट जॉर्ज चर्चचा ९० मीटर उंच ‘डॅनियल’ मनोरा चढा. ३५० पायऱ्या! माझे गुडघे अजून शिव्या देतात. वरून लाल कौलांचं गोलाकार जुनं गाव दिसतं, पलीकडे रीस विवराची कडा. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी इथे अशनी आदळला. त्या दणक्यात घडलेल्या सुएवाइट दगडाचंच हे चर्च. त्यात सूक्ष्म हिरे आहेत (डोळ्यांना दिसत नाहीत, मी शोधून पाहिले).

↳ तटबंदीवरून अख्खी फेरी मारता येते, साधारण २.७ किलोमीटर. वर छप्पर आहे, पावसाची चिंता नको.

↳ आणि ते अंतराळवीरांचं खरंय का?

↳ हो, १९७० मध्ये अपोलो १४ चे अंतराळवीर याच विवरात दगड ओळखायला शिकले.