इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कीबोर्ड-मांडणीतली लांबची बटणं अंगठ्याच्या लेयरवर (अंगठ्याने एक बटण धरलं की बाकीच्या बटणांना मिळणाऱ्या दुसऱ्या कामांवर) आणावीत का?

सांजवारा: माझं मत, आणावीतच. 'डॉक्टर' टंकून बघा. ड चौकोनी कंसाच्या बटणावर, ॉ त्याहून पलीकडे उलट्या तिरप्या रेघेवर, ट अवतरणचिन्हावर. एका शब्दात तीनदा उजवी करंगळी. ज, च, य सुद्धा तिच्याच वाट्याला. डाव्या हाताला स्वर, उजव्याला बरीचशी व्यंजनं ही मांडणी सुरेखच आहे, पण सगळ्यात दुबळ्या बोटावरचा हा भार मला पटत नाही. मी रोज चार-पाच तास मराठी टंकतो आणि संध्याकाळी करंगळी ठणकायची. शेवटी ४२ बटणांचा दोन तुकड्यांचा कीबोर्ड घेतला आणि क्यूएमके या कीबोर्डच्या आत चालणाऱ्या प्रोग्राममध्ये एक लेयर केला. डाव्या अंगठ्याचं बटण धरून ठेवलं की र च्या जागी ड, क च्या जागी ट, त च्या जागी ॉ. 'कृपा'तला ृ तर वरच्या ओळीत बरोबरच्या चिन्हावर असतो आणि ती ओळच या कीबोर्डला नाही. तो ग च्या जागी बसवला. दोन आठवडे चुकलो, मग हात बसला.

टंकमित्र: मला हे मान्य नाही. इन्स्क्रिप्ट १९९१ च्या भारतीय मानकात आहे, आणि गुजराती किंवा कन्नड लावलं तरी क त्याच बटणावर सापडतो. ही सवय मोडायची? दुसऱ्याच्या संगणकावर बसलात की तुमच्या 'डॉक्टर'चं 'रतक्कर' होणार. शिवाय टॅप केलं तर स्पेस, धरलं तर लेयर असं बटण असेल तर भरभर टंकताना घोळ ठरलेला. टॅप की धरलंय हे ठरवायला क्यूएमके मुळात २०० मिलिसेकंद थांबतं. त्याआधी बोटं उचलली तर ड ऐवजी स्पेस आणि र.

सांजवारा: म्हणूनच त्या बटणावर स्पेस ठेवलीच नाही, ते फक्त लेयरचं आहे. आणि मानक कुठे मोडलं? कीबोर्ड अक्षर पाठवत नाही, बटणाचा क्रमांक पाठवतो. माझा लेयर कंसाच्याच बटणाचा क्रमांक पाठवतो, त्याचा ड संगणक करतो.

आडवाट: कीबोर्डवरून थेट युनिकोड, म्हणजे अक्षराचा ठरलेला संकेतांक, पाठवायच्या फंदात मात्र कुणी पडू नका. मी पडलो होतो. एका ळ साठी लिनक्सवर कंट्रोल-शिफ्ट-यू, मग ०९३३, मग स्पेस जाते. विंडोजवर पद्धत निराळी. सांजवारांची रीत त्यापेक्षा कितीतरी भक्कम आहे.

टंकमित्र: क्रमांकाचा मुद्दा मान्य, संगणकाच्या लेखी मांडणी तीच राहते. पण मानक बोटांसाठीही असतं. मी नव्या मुलांना शिकवतो, त्यांच्या हाती पुढे कुठला कीबोर्ड येईल हे त्यांच्या हातात नसतं. त्यांना मी लेयर शिकवणार नाही. करंगळी ताणण्यापेक्षा अख्खा हात उजवीकडे सरकवा, एवढंच सांगेन.

सांजवारा: हात सरकवून पाहिला होता. परत येताना र वर बोट नेमकं पडत नाही, आणि दर वेळी नजर खाली जाते.