मदत हवी आहे: फर झाडाच्या पेशींचा गोळा फुगतोय, एम्ब्रियो (भ्रूण) पिकत नाहीत

सातपूरचा_लॅबवाला
फर या थंड डोंगरातल्या सूचिपर्णी झाडाचं टिश्यू कल्चर. पांढरा, चिकट गोळा झकास वाढतोय, दर पंधरवड्याला तोडून नव्या प्लेटवर टाकतो. पण एबीएवर (ॲब्सिसिक ॲसिड, भ्रूण पिकवणारं हार्मोन) घालून दीड महिना झाला, एकही एम्ब्रियो वर येत नाही. एबीए वाढवू का? जरा लवकर सांगा.

देवराई
कुठला फर? पिंड्रो, स्पेक्टाबिलिस की डेन्मार्कवाले लावतात तो नॉर्डमन? सुरुवात कशापासून केली? साखर कोणती? प्लेटा उजेडात की अंधारात? यातलं काहीच न सांगता एबीए वाढवायचं कसं ठरवणार?

सातपूरचा_लॅबवाला
पिंड्रो. हिमाचलातून कच्चे शंकू आले होते, त्यांच्या बियांतले भ्रूण. एसएच (शेंक-हिल्डेब्रांट) हे पोषक माध्यम, साखर नेहमीचीच, अंधार. बाकी सगळं नीट आहे.

निफाडचा_केळीवाला
बीएपी (पेशी विभागायला लावणारं हार्मोन) लिटरला 5 मिलिग्रॅमवर न्या. जी-नाइन केळीला त्यावर धडाधड फुटवे येतात.

देवराई
अहो, केळीत फुटवे हवेत, इथे नकोत! फरचा गोळा सुरू करायला लिटरला 1 मिलिग्रॅम बीएपी एकटं पुरतं, ऑक्सिन हे दुसरं हार्मोनसुद्धा लागत नाही. पण तेच बीएपी पुढे राहिलं की पेशी नुसत्या विभागत बसतात, पिकायचं नावच नाही. लॅबवाले, एबीएच्या माध्यमात बीएपी आहे का?

सातपूरचा_लॅबवाला
आहे. काढलं तर गोळा मरेल ना?

देवराई
नाही मरत. आधी आठवडाभर हार्मोन नसलेल्या माध्यमावर ठेवा, त्यात ॲक्टिव्हेटेड चारकोल घाला, म्हणजे उरलंसुरलं बीएपी शोषलं जाईल. मग एबीए लिटरला 10 मिलिग्रॅम. या माध्यमात चारकोल नको, तो एबीएच खाऊन टाकतो. नेहमीची साखर काढून माल्टोज ही साखर 4 टक्के आणि पीईजी (पॉलीइथिलीन ग्लायकॉल) 4000 साडेसात ते 10 टक्के. एबीए ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) घालू नका; माध्यम 50-55 अंशांवर उतरलं की 0.22 मायक्रॉन फिल्टरमधून गाळून मिसळा. मग 8-10 आठवडे अंधारात, मध्ये एकदोनदा ताज्या माध्यमावर हलवायचं.

घाटमाथा
पीईजीचा नाद सोडा. एम्ब्रियो गुटगुटीत दिसतात आणि रुजवायला घेतले की मूळ पुढे सरकत नाही. त्यापेक्षा जेलन गम (माध्यम थिजवणारा पदार्थ) वाढवा, माध्यम कडक झालं की पाणी आपोआप कमी मिळतं. मॅरिटाइम पाइनला तेच करतात.

देवराई
पाइनचं पाइनपाशी. पीईजी 4000चा रेणू पेशीभित्तीतून आत जात नाही, त्यामुळे झाडावर बी वाळताना बसतो तसा ताण बसतो. मॅनिटॉल (साखरेसारखा छोटा रेणू) आत शिरतो, म्हणून तो नको. आणि मुळं अडतात ती बहुतेकदा वाळवण्याची पायरी गाळल्यामुळे. पिकलेले एम्ब्रियो 3 आठवडे दमट बंद डब्यात, माध्यमाला न टेकवता ठेवायचे. त्यानंतर निम्म्या ताकदीचं एसएच, चारकोलसह, हार्मोन शून्य.

घाटमाथा
वाळवणं मान्य. पीईजी नाही म्हणजे नाही.
लॅबवाले, त्याआधी लाइन (एकाच भ्रूणापासून वाढवलेला गोळा) जिवंत आहे का ते बघा. गोळ्याचा कण काचपट्टीवर घ्या, ॲसिटोकार्माइन हा लाल रंग, धुऊन मग इव्हान्स ब्लू हा निळा. घट्ट लाल डोकी आणि त्यांना लांब निळ्या शेपट्या दिसल्या तर उत्तम. नुसत्या सुट्या निळ्या पेशी असतील तर ती लाइन टाकून द्या, कुठल्याही रेसिपीने पिकणार नाही. किती लाइन आहेत तुमच्याकडे?

गच्चीवरची_बाग
गंगापूर रोडला राहते. नाताळासाठी हे झाड कुंडीत लावता येईल का? नर्सरीत ख्रिसमस ट्री म्हणून एक दाखवलं.

घाटमाथा
ताई, ते अरौकेरिया असणार. तेच घ्या. फरला नाशिकचा मे महिना सोसणार नाही.

चूर्णवाले
पिंड्रो म्हणजे तालीसपत्रच की. बाजारात याच नावाने टॅक्सस या दुसऱ्याच झाडाची पानंही खपवतात, ती विषारी असतात. पानं बघून घेत जा.

सातपूरचा_लॅबवाला
चूर्ण करायचं नाहीये हो!
लाइन दोनच आहेत. माल्टोज, पीईजी मागवतो. अगार 8 ग्रॅमच ठेवू ना?

देवराई
दोन फार कमी, पुढच्या हंगामात जास्त शंकूंतून घ्या. काही लाइन जन्मात पिकत नाहीत. आणि मुळात अगार का? पीईजी घातलं की अगार नीट थिजत नाही, गोळा त्यात बुडून काळा पडेल. जेलन गम घ्या, किंवा पातळ माध्यमावर फिल्टर पेपरचा पूल करून गोळा वर ठेवा.

घाटमाथा
बघा, शेवटी जेलन गमवरच आलात.